पाय ठेवायची पट्टी

आमच्या घरात कापूस ठेवायची जी खोली होती, तिथे आता सुनबाई बसते. खोलीला एकच खिडकी, खिडकीशी टेबल आणि टेबलावर तिचा लॅपटॉप. कंपनीची पहिली अट अशी की ती काम करत असताना लॅपटॉपचा पडदा घरातल्या दुसऱ्या कुणी बघायचा नाही. म्हणून तिने टेबल असं फिरवून घेतलं की दारातून येणाऱ्याला लॅपटॉपची पाठ दिसावी आणि तिचा चेहरा. दुपारी मी लसूण सोलायला नाहीतर शेंगा फोडायला तिथेच जाऊन बसते. पडद्यावरचं मला तसंही वाचता आलं नसतं, सगळं इंग्रजीत. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीला शेजारच्या गावी चालत जावं लागायचं आणि मुलींना कुणी पाठवत नव्हतं. मराठी मात्र मी हाताला लागेल ते वाचते, खताच्या गोणीवरचं सुद्धा.

तिचं काम मला समजायला बराच वेळ लागला. सोयरीक ठरली तेव्हा जाफराबादकडच्या तिच्या वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, पोरगी घरी बसून दवाखान्याचं काम करते. मला वाटलं, आता घरी पेशंट येणार. मी मालकांना सांगून बाहेर बसायला दोन खुर्च्या जास्तीच्या आणवून ठेवल्या. लग्नानंतर सुनबाईने विचारलं, ह्या खुर्च्या कुणासाठी? मी सांगितलं. ती हसली, पण तोंडाला पदर लावून, मला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवसापासून ती मला आवडली.

पेशंट कुणी आले नाहीत. ते सगळे अमेरिकेत. तिथले डॉक्टर तपासून जे लिहून ठेवतात ते हिच्याकडे येतं. कुणाचं नाव-गाव ती मला कधी सांगत नाही, सांगायचं नसतंच. डॉक्टर शब्दांत लिहितात आणि ही त्या प्रत्येक गोष्टीचा ठरलेला नंबर शोधून लावते. काय मोडलं त्याचा एक नंबर असतो आणि कशानं मोडलं त्याचा दुसरा. पुढे विम्यावाल्यांचं काम त्या नंबरांवर चालतं, असं ती म्हणते.

गेल्या वर्षी सोयाबीनची काढणी झाल्यावर तिला अपघाताच्या कामात घातलं आणि मोटारसायकलवरून पडलेल्यांचे कागद येऊ लागले. वाचताना ती स्वतःशीच पुटपुटायची. चालवत होता का मागं बसला होता, ह्यानं तर लिहिलंच नाही, असं म्हणायची आणि खट्टू व्हायची. मी एकदा न राहवून म्हटलं, लिहिलं नसलं तर आपणच समजून घ्यावं. त्यावर ती म्हणाली, "आत्या, आपण समजून घ्यायचं न्हाई. लिहिलेलं असंल तेवढंच. न्हाई तर त्यांना विचारायचं." ती मला आत्या म्हणते आणि मालकांना मामा.

मग मी विचारलं, मागं बसणाऱ्याचं वेगळं लिहितात का? ती म्हणाली, लिहितात ना, चालवणाऱ्याचा नंबर वेगळा आणि मागं बसणाऱ्याचा वेगळा.

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. आमच्याकडे अपघात झाला की लोक विचारतात, गाडी कुणाची, कोण चालवत होतं, कुणाची चूक. मागं कोण होतं ते सगळ्यात शेवटी येतं, तेही बायको पण होती म्हणे, असं. आणि तिकडे कुणी तरी बसून मागं बसणाऱ्यांसाठी नंबर करून ठेवला आहे. मला ते फार बरं वाटलं. का वाटलं ते तिला सांगितलं नाही.

मी डावा पाय ओढत चालते. सुनबाई घरात आली तेव्हापासून तिने मला तशीच पाहिलेली. गावालाही त्याचं नवल राहिलेलं नाही, पावलांचा आवाज ऐकून लोक मी आले म्हणून ओळखतात. पण त्या हिवाळ्यात घोटा असा सुजायला लागला की कापूस वेचताना सरीतून उठता येईना. मी गप्प होते. सुनबाईने पाहिलं आणि मुलाला फोन केला. मुलगा जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात आहे, तिथेच खोली करून राहतो आणि सुट्टीला घरी येतो. त्याने तिथल्याच हाडाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मालक, सुनबाई आणि मी असे तिघे गेलो.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी एक्स-रेचा फोटो पाहिला आणि म्हणाले, सांधा घासून संपला आहे, ऑपरेशन करून तो बांधून टाकावा लागेल. दुखणं जाईल, पण घोटा पुढं वळणार नाही. मी मान हलवली. मग त्यांनी माझा पाय उलटा केला आणि टाचेच्या मागचा जुना व्रण अंगठ्याने दाबत राहिले. हे कशानं झालं, म्हणाले.

मी मालकांकडे पाहिलं. मालक भिंतीकडे पाहत होते. मी म्हटलं, ओट्यावरून पडले होते.

"मावशी, ओट्यावरून पडून घोटा मोडंल," डॉक्टर म्हणाले. "टाचेची कातडी अशी सोलून निघत नाही. हा पाय कशात तरी सापडलेला आहे."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की चीर कुठं द्यायची ते ह्यावर ठरणार आहे. किती भाग चिरडला होता, कोणत्या बाजूने, जखम किती दिवस उघडी होती, हे त्यांना कळायला पाहिजे. जिथं कातडीत जीव राहिलेला नाही तिथं कापलं तर जखम भरत नाही, चिघळते, आणि मग पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. घरी जाऊन नीट आठवा, म्हणाले, आणि सोमवारी या.

एसटीत मी खिडकीशी बसले, शेजारी सुनबाई, मालक पुढच्या बाकावर. मला त्यांची टोपी आणि मान तेवढी दिसत होती.

आठवायचं काही नव्हतंच. पाय कशात सापडला ते पक्कं आठवत होतं.

मुलगा तेव्हा लहान होता, अंगणवाडीत जायचा. आमच्याकडे दोन म्हशी होत्या आणि नवीनच मोटारसायकल घेतली होती. मंठ्याला, बाजाराच्या गावी, दूध घालायचं आम्ही ठरवलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे म्हणजे हूक बसवायला पाहिजेत, आणि डाव्या बाजूला साडी चाकात जाऊ नये म्हणून जी जाळी असते ती आड येत होती. ती मालकांनी खोलून गोठ्यात टांगून ठेवली. आमच्या भागात दूध घालणाऱ्या सगळ्यांच्याच गाड्या अशा होत्या, कुणाच्याच गाडीला जाळी नसायची. पण त्या जाळीलाच खाली एक लोखंडी पट्टी असते. बाई एका अंगाने बसते तेव्हा तिचे पाय त्या पट्टीवर राहतात. जाळी गेली की पट्टी पण गेली. मी कॅनच्या हुकावर पाय टेकवून बसायची आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही.

त्या दिवशी मंठ्याला माझ्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. दूध सकाळीच घालून झालं होतं. मुलाला शेजारी ठेवलं आणि आम्ही निघालो. ओढ्याच्या पुलाआधी उतार आहे, तिथं रस्ता उखडलेला होता. गाडी आदळली, हुकावरचा पाय निसटला आणि टाच चाकाच्या तारांमध्ये गेली. मला दुखल्याचं आठवत नाही. आवाज आठवतो, पाचटात काठी ओढल्यासारखा. मालकांनी मला चाकातून कसं काढलं आणि उचलून कसं नेलं, ते मला धड आठवत नाही.

एका खाजगी दवाखान्यात नेलं. खबर मिळून चुलत सासरेही तिथे पोचले. ते शहाणे, चार ठिकाणी ऊठबस असलेले. त्यांनी दारातच मालकांना बाजूला घेतलं. गाडीचं नाव काढायचं नाही, म्हणाले. नाव काढलं की केस होते, पोलीस येतात, लायसन नाही तुझ्याकडे, गाडी जमा होईल, ठाण्याच्या चकरा सुरू होतील. ओट्यावरून पडली म्हणायचं. मग आत येऊन मलाही तेच सांगितलं, डोक्यावर हात ठेवून, मायेनं. कशानं लागलं असं आत विचारलं तेव्हा मी ओट्यावरून म्हणाले आणि तसंच लिहिलं गेलं.

यात आम्ही काही जगावेगळं केलं नाही. आमच्या भागातले ओटे काही उंच नाहीत, पण गाडीवरून पडलेल्या बायका दवाखान्यात पोचेपर्यंत ओट्यावरून पडलेल्या होतात. कुणी न्हाणीत घसरते, कुणाला म्हैस मारते. गाड्या मात्र साळसूद उभ्या असतात.

पाय बरा व्हायच्या आत कापसाची वेचणी आली आणि मी उभी राहिले, म्हणून तो तिरका जुळला. ते माझ्यामुळे झालं, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते मालकांचं. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा गाडीला जाळी परत बसवलेली होती, पट्टीसकट. हूक काढून टाकले होते. दूध ते पुढे सायकलवर घालायला लागले, हँडलला कॅन अडकवून, चढाला पायी ढकलत. जाळीबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

पण मी पुन्हा गाडीवर बसायला लागले तेव्हापासून त्यांनी एक सुरू केलं. मी मागं बसले की ते गाडीला टेकू देऊन खाली उतरायचे, वाकायचे, माझा डावा पाय हातात धरून पट्टीवर ठेवायचे आणि विचारायचे, ठेवला का? मी हूं म्हटल्यावर गाडी सुरू व्हायची. दारात असो की लग्नाच्या मांडवासमोर, त्यांना कुणाचं भान नसायचं. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मंठ्याच्या बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं माय, भर बाजारात मालक पाया पडून राह्यले, आशीर्वाद तरी दे त्याहिला." सगळ्या बायका हसल्या. मी पदर तोंडावर ओढून घेतला. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, असं नका करत जाऊ. पुढच्या वेळी ते पुन्हा वाकले.

मुलाला आम्ही ओट्याचंच सांगितलं होतं. तो त्यावर वाढला. ओट्याच्या कडेला खेळताना तो स्वतःच दुसऱ्या पोरांना मागं सारायचा, माझी आई इथून पडली होती म्हणून. कारखान्यात लागल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर गवंडी बोलावून ओटा फोडला, खाली घेतला, रुंद पायरी केली आणि पायरीला धरायला लोखंडी पाइप लावला. मला म्हणाला, आता पडून दाखव. सिमेंट वाळेपर्यंत पायरीवर पाणी मारायचं काम मालकांनी स्वतःकडे घेतलं. सकाळ-संध्याकाळ ते पाणी मारत उभे राहायचे आणि मी चुलीपासून बघायची.

आता डॉक्टरांना खरं सांगायचं म्हणजे हे सगळं उसवायचं. गाडीचं सांगितलं की चालवत कोण होतं ते आलं. पट्टी का नव्हती ते आलं. सून घरात नवी, मुलाने बापासाठी मनात जी जागा केली आहे ती एका वाक्यात हलणार. मी पक्कं ठरवलं, पाय माझा आहे, त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पण डॉक्टरांची भीतीही वाटत होती. म्हणून मी मधला मार्ग काढला. बैलगाडीच्या चाकात पाय गेला असं सांगायचं. म्हणजे चाक खरं होतं आणि मालक त्यात नव्हते. बैलगाडीच्या चाकाला तारा नसतात, हे माझ्या लक्षात आलं, पण डॉक्टर शहरातले, त्यांच्या येणार नाही असं वाटलं.

रविवारी दुपारी मी कापसाच्या खोलीत शेंगा फोडत होते. सुनबाईला सुट्टी होती, पण मागचं काही राहिलं म्हणून बसली होती. मालक चहाचा कप घेऊन दारात आले. त्या खोलीत ते आत कधी येत नाहीत, साहेबाच्या ऑफिसबाहेर थांबल्यासारखे उंबऱ्याशीच थांबतात. तिने लगेच लॅपटॉप मिटला.

"सुनबाई, एक विचारू का," ते म्हणाले. "मागं बसणारीला लागलं तर तिचा नंबर असतो, म्हनती तुझी आत्या."

"असतो ना, मामा."

"आन चालवणाऱ्याचा?"

"त्याला काय लागलं त्यावर असतं."

"त्याला काहीच न्हाई लागलं. खरचटलं पन न्हाई."

सुनबाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "मंग त्याचा कागदच निघत न्हाई, मामा. तो पेशंट न्हाई ना."

"म्हनजे त्याचं कुठंच काही लिहीत न्हाईत."

"न्हाई," ती म्हणाली.

चहावर साय धरली होती. मग ते कप तसाच घेऊन गोठ्याकडे गेले.

मी खाली मान घालून शेंगा फोडत राहिले. दाणे टरफलात जात होते आणि टरफलं दाण्यांत. सुनबाई माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसली आणि सूप आपल्याकडे ओढून निवडायला लागली. बऱ्याच वेळाने, सुपाकडे बघतच म्हणाली, "आत्या, लिहिलेलं न्हाई ते मी समजून घेत नसते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

सोमवारी मुलगाही दवाखान्यात आला, रजा टाकून. आम्ही चौघं त्या छोट्या खोलीत मावत नव्हतो. मी खुर्चीवर, बाकी उभे. मुलगा माझ्या मागं होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर. डॉक्टरांनी फोटो लावला आणि विचारलं, आठवलं का, मावशी?

मी रात्रभर घोकलेलं बैलगाडीचं वाक्य तोंडाशी आणलं. बैल, एवढा शब्द बाहेर पडलाही.

"मोटरसायकल होती, साहेब," मालक म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "मी चालवत होतो. ही मागं बसल्ती. पाय ठेवायची पट्टी मी काढून ठेवल्ती, दुधाचे कॅन लावायला. टाच तारात गेली."

एवढं ते डॉक्टरांकडे बघून बोलले. आमच्याकडे कुणाकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरचा हात तसाच होता, पण जड झाला होता. मग मुलगा हळूच म्हणाला, "मंग ओटा?"

मालकांच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. मी बाहेरच्या माणसापुढे तोंड उघडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांशीही मी मान हलवूनच बोलते. पण ती टोपी तशी फिरताना मला बघवेना.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "दूध दोघांचं होतं."

डॉक्टरांना ते कितपत कळलं, माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. गाडी किती जोरात होती, पाय कोणत्या बाजूने ओढला गेला, जखम कधी भरली, एकेक विचारत गेले. मला अर्ध्याचंही उत्तर आलं नसतं. मालकांना सगळं ठाऊक होतं. कातडी कुठून कुठपर्यंत फाटली होती, ती काळी कधी पडली, कुठला भाग शेवटपर्यंत ओला राहिला, हे त्यांनी माझ्या टाचेवर बोट न टेकवता, वरच्यावर फिरवून दाखवलं. पायातली जोडवी सुजेमुळे कापावी लागली होती, तेही सांगितलं. ते मी विसरले होते. माझा पाय इतकी वर्षं माझ्यापेक्षा त्यांच्याच जास्त ध्यानात होता.

डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, मी मागून जाणार होतो. आता पुढून जाऊ, तिथली कातडी चांगली आहे. मालकांनी विचारलं, आता केस होईल का? डॉक्टर हसले नाहीत. इतक्या वर्षांनी कोण येतंय, काका, म्हणाले, बसा तुम्ही. आणि स्वतः उठून त्यांना स्टूल दिलं.

बाहेर आल्यावर मुलगा चहा आणायला म्हणून गेला आणि लवकर परत आला नाही. मालक बाकावर बसून होते. तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने पहिला कप बापाच्या हातात दिला आणि शेजारी बसला, अगदी चिकटून, लहानपणी गाडीच्या टाकीवर बसायचा तसा.

ऑपरेशन नीट झालं. चीर पुढून दिली होती, ती भरली. पायाला प्लास्टर घालून मी घरी आले तेव्हा मुलगा मला उचलून पायरीवरून वर नेत होता आणि बापाला म्हणत होता, "दादा, ओटा परत उंच करायचा का आता?" मालक हसले. हसता हसता पायरीच्या पाइपावर हात ठेवून म्हणाले, राहू दे, म्हातारपणी मलाच लागंल.

प्लास्टर असताना माझा पलंग कापसाच्या खोलीतच टाकला होता. एका दुपारी मी सुनबाईला म्हटलं, माझा नंबर काय गं? कंपनीचं मशीन असल्या गोष्टीला वापरत नाहीत, म्हणाली. पण तिला पाठ होता. तिने पेन घेतला आणि माझ्या प्लास्टरवर लिहिला. आधी एक इंग्रजी अक्षर, मग आकडे, शेवटी पुन्हा अक्षर. त्या शेवटच्या अक्षराचं तिने मला सांगितलं. पहिला इलाज चालू असतो तेव्हा तिथं एक अक्षर येतं, बरं होत असताना दुसरं येतं. आणि सगळं होऊन गेल्यावर, पुष्कळ काळाने सुद्धा, जे मागं राहतं त्याचं हे अक्षर. माझ्या नंबराला ते होतं.

बघायला येणाऱ्या बायका विचारायच्या, पायावर कुणाचा मोबाइल नंबर लिहिला म्हणून. मी हसायची. मालकांनीही तो पाहिला. चष्मा लावून, प्लास्टर मांडीवर घेऊन पाहिला. ह्यात मागं बसणारी कुठं आहे, म्हणून त्यांनी सुनबाईला विचारलं. तिने एका आकड्यावर बोट ठेवलं. तिने बोट काढल्यावर त्यांनी तिथं आपलं बोट ठेवून पाहिलं. पुढे प्लास्टर कापलं तेव्हा तो नंबर प्लास्टरसोबत दवाखान्याच्या बादलीत गेला. मला तो पाठ झालेला नाही, पण सुनबाईला आहे.

मी आता दुखल्याशिवाय चालते. घोटा वळत नाही, त्यामुळे सरीत बसून वेचता येत नाही, उभ्याने होईल तेवढं करते. परवा बऱ्याच महिन्यांनी मंठ्याच्या बाजाराला निघालो. मालकांनी गाडी पायरीशी आणली, मी पाइपाला धरून उतरले आणि मागं बसले. ते खाली उतरून वाकले. आधी मला पाय ठेवता यायचा, तरी ते ठेवायचे. आता मात्र घोटा ताठ असल्याने टाच धरून कुणाला तरी ठेवावाच लागतो. त्यांनी ठेवला आणि विचारलं, ठेवला का?

"तुम्हीच ठेवून राह्यले," मी म्हटलं, "मंग मला काय विचारता?"

सुनबाई दारात उभी होती, ती हसली. समोरच्या घरातल्या जाऊबाई काहीतरी बोलल्या, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. पदर मी तोंडावर घेतला नाही.

ओढ्याच्या पुलाआधी उतार आहे. रस्ता आता चांगला केलेला आहे, तरी तिथं आल्यावर त्यांनी गाडी अगदी हळू केली आणि न बघता डावा हात मागं आणून पट्टीवरचा पाय चाचपला. पाय जागेवर होता.